मागची खोली

फुकट मिळणाऱ्या गोष्टीला माणसाच्या लेखी किंमत नसते. हवेचेच पाहा ना! कुणी संध्याकाळी हवा खायला जातो, कुणी हवेत इमले बांधतो, तर कुणाच्या डोक्यात हवा शिरते. आपल्या भाषेत पाण्याच्या वाट्याला गंगेचे माहात्म्य आले, अग्नीला देवत्व मिळाले. हवेच्या वाट्याला मात्र बहुतेक थट्टाच आली. गेल्या फेब्रुवारीपर्यंत मीही त्या थट्टेकऱ्यांतलाच एक होतो. हवेपायी आमच्या घरात सहा महिने अबोला राहील, असे मला कुणी तेव्हा सांगितले असते, तर मी ती गोष्ट हवेवारी उडवून लावली असती.

मी पेशाने शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढे माझे पाऊल पडले नाही. चित्रकलेच्या परीक्षा तेवढ्या दिल्या आणि त्यांच्या जोरावर निफाड तालुक्यातल्या एका शाळेत गेली वीस वर्षे मुलांकडून कमळे नि मोर काढून घेतो आहे. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या वाचणारेही थोडेफार आहेत. शाळेत माणसे कमी, त्यामुळे विज्ञानाचा तास अधूनमधून माझ्या गळ्यात पडतो. मग मी फळ्यावर एक झकास वर्तुळ काढतो, त्याचे पोळीच्या तुकड्यासारखे भाग पाडतो आणि रंगीत खडूंनी भरून टाकतो. निळा भाग नत्रवायू, ७८ टक्के. तांबडा भाग प्राणवायू, २१ टक्के. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत बाकी सारे. चित्र उत्तम वठते. पण तो निळा भाग तांबड्यापासून खरोखर वेगळा काढण्याचे काम कुणी करत असेल, आणि तो करणारा माझा सख्खा भाचा असेल, याची मला काहीच कल्पना नव्हती.

हा भाचा म्हणजे आमच्या आक्काचा मुलगा. आयटीआयमध्ये फ्रीज-एसीच्या दुरुस्तीचे काम शिकला आणि नाशिकच्या एका प्रयोगशाळेत चिकटला. 'काय काम करतोस रे?' म्हणून मी एकदा विचारले, तर म्हणाला, "मामा, मी जनरेटर बघतो." आमच्याकडे जनरेटर म्हणजे वीज गेली की लग्नमंडपामागे धडधडणारा डिझेलचा डबा. मी म्हटले, बरे आहे, वीज गेल्याशिवाय पोराला काम नाही! पुढे चार वर्षे मी याच समजुतीत होतो. त्यानेही ती कधी खोडून काढली नाही. मुळात तो अबोल. आणि मामाला शिकवायचे म्हणजे त्याला अवघडल्यासारखे होत असावे.

आमचे थोरले बंधू, म्हणजे दादा, द्राक्षबागाईतदार आहेत. अडीच एकर बाग. द्राक्षाचा शेतकरी वर्षभर कुणाला ना कुणाला भीत असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीला, थंडीत भुरीला, फेब्रुवारीत अवकाळी पावसाला, आणि माल परदेशी पाठवायचा असेल तर कागदाला. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत मेथोमिल नावाच्या कीटकनाशकाचा अंश सापडला आणि मोठाच गहजब झाला. त्यानंतर तपासणीची घडी बसली. पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या कामात प्रमुख ठरले. २००६ पासून 'ग्रेपनेट'वर बागांची नोंद होऊ लागली. आणि नमुना तपासून अहवाल चांगला आल्याखेरीज निर्यातीचा माल हलू नये असा दंडक झाला. तरीही २०१० साली पुन्हा ठेच लागली. त्या वर्षी क्लोरमेक्वाट नावाच्या औषधाच्या अंशापायी युरोपात कंटेनर अडले. दादांचाही माल त्यात अडकला होता. तेव्हापासून प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडेपर्यंत दादांना धड जेवण जात नाही.

तर गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. बागेत साखर भरली होती. मणी असे टपोरे, की उन्हाकडे धरले तर आतली बी नसलेली शीर दिसावी. नमुना काढून नेला, तो नेमका भाच्याच्या प्रयोगशाळेत. दोन-तीन दिवसांत अहवाल येणार, व्यापाऱ्याने मजुरांची टोळी सांगून ठेवलेली. आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला, की यंत्र बंद आहे, अहवालाला वेळ लागेल.

दादांनी आभाळाकडे पाहिले. पश्चिमेला ढग धरू लागले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुझा भाचा आहे ना तिथं? विचार त्याला."

आपला भाचा चांगले करतो तेव्हा तो साऱ्या घराचा असतो. काही बिघडले, की तो 'तुझा भाचा' होतो. असो. मी फोन केला. तेव्हा मला प्रथम कळले, की त्याचा जनरेटर विजेचा नव्हे, नत्रवायूचा. मुख्य यंत्र धडधाकट होते. पण त्याला अष्टौप्रहर नत्रवायू लागतो, तो देणारे यंत्र दाबलेल्या हवेवर चालते आणि ती हवा देणारा कॉम्प्रेसर बसला होता. त्याच्या दट्ट्याच्या कड्या झिजल्या होत्या. नव्या कड्या मागवल्या होत्या, पण त्या यायला दोन-तीन दिवस.

"अरे, मग दुसरा कॉम्प्रेसर आण ना! पंक्चरवाल्याकडेसुद्धा असतो," मी म्हणालो.

"आणलाय, मामा. साहेबांनी गॅरेजमधून मागवलाय. माझ्यासमोरच उभा आहे."

"मग?"

"तो तेलाचा आहे. मी जोडणार नाही."

मला त्यातले काही कळले नाही. मी म्हणालो, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. थोरल्या मामांचा माल झाडावर आहे. ढग आलेत."

पलीकडे थोडा वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग तो म्हणाला, "साहेबही हेच म्हणतात. त्यांनी सांगितलं, तुझ्या जबाबदारीवर बंद ठेवतोयस, उद्या नोकरीचं काय ते बघू. पण मामा, हवा दिसत नाही म्हणून कसलीही चालते असं नाही ना."

मी चिडलो. खरे सांगायचे तर मी त्याला असे काही बोललो, की ते इथे लिहिण्याची माझी छाती नाही. आक्काच्या कष्टांचाही उल्लेख केला. तो ऐकत राहिला. शेवटी "ठेवू का, मामा?" एवढेच म्हणाला.

त्यांनी नत्रवायूचे सिलिंडर आणून थोडे काम रेटले. पण एका सिलिंडरमध्ये सुमारे सात घनमीटर वायू मावतो आणि ते यंत्र मिनिटाला पंधरा-वीस लिटर पिते. म्हणजे सहा-सात तासांत सिलिंडर रिकामा! सिलिंडरवाल्याकडे त्या दिवशी दोनच भरलेले होते. नमुन्यांची रांग मोठी. दादांचा नंबर यायच्या आत रात्री पाऊस आला. फार नव्हे, तासभर. पण पिकल्या द्राक्षाला तासभरही पुष्कळ होतो. सकाळी बागेत गेलो, तर अनेक घडांतले मणी उकलले होते आणि त्यांतून रस ठिबकत होता. वहिनी काही न बोलता एक-एक घड हातात घेऊन पाहत होत्या. कड्या आल्या, यंत्र चालू झाले, अहवाल आला; तो अगदी निर्दोष होता. पण तोवर बागेचा तिसरा हिस्सा निर्यातीतून बाद झाला होता. तो माल मातीमोल भावाने बेदाण्याला गेला.

दादांनी भाच्याचे नाव टाकले. अक्षय्यतृतीयेला आक्का आली, तेव्हा तिच्याशी ते बोलले. मुलाची चौकशी मात्र केली नाही. मी मधल्या मध्ये. आपणही त्याला फोनवर तोडून बोललो, हे मी कुणालाच सांगितले नाही.

ऑगस्टमध्ये दादांना छाटणीपूर्वी माती आणि पाण्याचे नमुने द्यायचे होते. मी म्हटले, मीही येतो. पाऊस लागून राहिला होता. नमुने देऊन झाले आणि मी भीतभीतच म्हणालो, "आलोच आहोत, तर पोराला भेटू." दादा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्या बाबतीत हा होकारच.

प्रयोगशाळेचा दर्शनी भाग पाहण्यासारखा. काच, गारवा, पांढरे डगले, आणि मधोमध कोटीच्या घरातले ते यंत्र. पाहुण्यांना तिथवर नेतात आणि तिथूनच परत पाठवतात. भाचा आम्हांला त्याच्या पुढे घेऊन गेला. बोळ ओलांडला, मोरी ओलांडली आणि मागच्या अंगाच्या पत्र्याच्या खोलीत आलो. ती त्याची खोली. भिंतीवर गणपतीचे कॅलेंडर, एक वही, एक स्टूल, आणि यंत्रांची ओळ. माणसाला आपले राज्य दाखवताना जो संकोच नि जो अभिमान वाटतो, ते दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर होते.

"थोरले मामा, इथून हवा आत येते," त्याने भिंतीतल्या जाळीकडे बोट दाखवले. "आधी हे तोंड मागच्या अंगणात होतं, डिझेलच्या जनरेटरच्या धुराजवळ. मी ते हलवून घेतलं. कॉम्प्रेसर बिनतेलाचा असला तरी धूर ओढला, तर धुरातलं तेल आत येणारच."

मग त्याने जे सांगितले, ते मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो. कॉम्प्रेसर आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरच्या जागेत बसवतो. हवा दबते, पण तिच्यातली वाफ तशीच दबून राहत नाही. पावसाळ्यातल्या दमट दिवशी त्या आठ घनमीटरांत दीडशे ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. आणि दाबलेली हवा टाकीत निवली, की तिला त्यातले वीस-पंचवीस ग्रॅमच धरून ठेवता येते. बाकीचे पाणी होऊन तळाला बसते. हे सांगता सांगता त्याने टाकीखालचा कॉक किंचित फिरवला. फस्सकन पाण्याची पिचकारी बाटलीत उडाली. बघता बघता पेलाभर पाणी जमले, गंजाने किंचित तांबूस झालेले. कोरड्या दिसणाऱ्या हवेतून एवढे पाणी! दादा पुढे वाकून पाहू लागले.

"हे रोज काढायचं. आपोआप काढणारा व्हॉल्व्ह आहे, पण तो अडकतो. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ हातानं काढतो."

टाकीनंतर गाळण्यांची रांग. पहिलीत धूळ अडते. दुसरी इतकी बारीक, की तेलाचे नि पाण्याचे धुक्यासारखे कण तिच्यात एकमेकांना चिकटून थेंब होतात आणि खाली ओघळतात. तिसरीत सक्रिय कोळसा; तेलाची नुसती वाफ असेल, तर ती तो शोषतो. मध्ये वाळवणारे यंत्र, हवेचा उरलासुरला ओलावा काढून घेणारे. इतके सोपस्कार झाल्यावर हवा नत्रवायूच्या यंत्रात पाऊल टाकते. नवी नवरीसुद्धा इतक्या उंबरठ्यांवर अडत नसेल!

त्या यंत्राच्या पोटात दोन उभे नळे आहेत आणि त्यांत कोळशाचीच एक खास जात भरलेली आहे. तिच्या अंगाला इतकी सूक्ष्म छिद्रे, की प्राणवायूचा रेणू त्यांत पटकन शिरतो आणि नत्रवायूचा, तो केसभरही नव्हे इतका मोठा असल्यामुळे, मागे राहतो. मागे राहिला तो पुढे यंत्राकडे जातो. एक नळा प्राणवायूने भरला, की हवा दुसऱ्याकडे वळते आणि पहिला आपला प्राणवायू बाहेर सोडून मोकळा होतो. दर थोड्या वेळाने खोलीत एक लांब सुस्कारा ऐकू येत होता, तो याचा. माझ्या फळ्यावरचे निळे नि तांबडे तुकडे इथे डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, वेगळे होत होते.

"आणि यात तेल गेलं तर?" मी विचारले.

"छिद्रं बुजतात. पाणी गेलं तर बराच खटाटोप करावा लागतो. तेल गेलं की संपलं. ते परत निघत नाही. सगळा कोळसा फेकायचा. आणि ते कळायच्या आत तेलाचा अंश पुढे यंत्रात. तिथं नमुन्याचा द्रव सुईतून तुषारासारखा उडवतात आणि नत्रवायूच्या झोतानं ते तुषार वाळवतात. त्या झोतातच मळ असला, तर यंत्र द्राक्षाचं सांगतंय की कॉम्प्रेसरचं, कसं ओळखायचं?"

पलीकडच्या एका यंत्राकडे जाणारी नळीही त्याने दाखवली. तिकडे हवेतला तेलकट अंश तापलेल्या उत्प्रेरकावर जाळून टाकतात आणि मग ती निर्मळ हवा एका इवल्याशा ज्योतीला देतात. ही ज्योत उज्जवायूची, जवळजवळ अदृश्य. तिच्यात एखाद्या सेंद्रिय पदार्थाचा कण जळला, की विजेचा अतिसूक्ष्म प्रवाह उमटतो आणि कण ओळखू येतो. १९५० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात मॅकविल्यम आणि ड्यूअर या दोघांनी, आणि त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या काही संशोधकांनी, ही युक्ती काढली. मिनिटाला तीन-चारशे मिलिलीटर हवा तिला पुरते. आपण एका श्वासात त्याहून अधिक घेतो. पण आपल्याला चालणारी हवा तिला चालत नाही. ज्या हवेत दम्याचा माणूसही निभावून नेतो, त्या हवेत ती ज्योत खोटे बोलू लागते.

दादा इतका वेळ गप्प होते. आता म्हणाले, "किती तेल चालतं?"

भाच्याने भिंतीवरचा एक कागद दाखवला. दाबलेल्या हवेसाठी आयएसओ ८५७३ नावाचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या पहिल्या वर्गाच्या हवेत, एका घनमीटरमागे तेल ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. "एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, मामा."

दादा चमकले. हा आकडा त्यांच्या तोंडचा होता. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश एक किलो द्राक्षात ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये, हा युरोपचा नियम. दहा कोटी भागांत एक भाग! २०१० पासून दादा त्या आकड्याला शिव्या देत आले आहेत. आज तोच आकडा या पत्र्याच्या खोलीत, हवेच्या कपाळी लिहिलेला त्यांना दिसला.

भाच्याने स्टुलाखालचा डबा उघडला आणि एक पांढरा रुमाल काढला. त्याच्या मधोमध रुपयाएवढा पिवळसर डाग होता, कडेला फिकट होत गेलेला. "त्या दिवशी गॅरेजचा कॉम्प्रेसर आणला ना, तेव्हा त्याच्या नळीसमोर हा दहा मिनिटं धरला होता. साहेबांना दाखवायला." क्षणभर थांबून तो म्हणाला, "तुम्हांलाही दाखवायचा होता. पण तुम्ही..."

त्याने वाक्य पुरे केले नाही. दादांनी रुमाल हातात घेतला, नाकाशी नेऊन वास घेतला, घडी घालून परत दिला. "कड्या झिजल्यात हे आधी कळलं नव्हतं का?" त्यांनी विचारले. भाच्याने वही उघडली. कॉम्प्रेसर किती तास चालला याची रोजची नोंद. आणि नोव्हेंबरच्या एका पानावर, 'कड्या बदलणे जरूर, अर्ज दिला', अशी ओळ. डिसेंबरमध्ये तीच ओळ पुन्हा. जानेवारीत पुन्हा. अर्ज कुणाच्या टेबलावर निजला होता, ते त्यानेही सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. शाळेत माझेही काही अर्ज असेच निजलेले आहेत.

परतीच्या वाटेवर एसटीत दादा एक शब्द बोलले नाहीत. मीही खिडकीबाहेरचा पाऊस पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेलो, तेव्हा ते विहिरीजवळ ठिबकचा फिल्टर उघडून बसले होते. आतल्या चकत्या एकेक करून ब्रशने घासत होते. हे काम ते रोज करतात. मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. फवारणीच्या टाकीत पाणी ओततानाही वहिनींच्या जुन्या लुगड्याची घडी तोंडावर धरतात. एक कण गेला तरी नोझल बुजते, मग फवारा सारखा बसत नाही, आणि तिथेच भुरी धरते.

मान वर न करता ते म्हणाले, "त्या दिवशी तू त्याला फोन केला होतास. जोड म्हणून सांगितलंस ना?"

मला वाटले होते, ही गोष्ट माझ्यापाशीच राहील. "सांगितलं," मी म्हणालो. "वाईट बोललो मी त्याला."

"मग काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

दादांनी चकत्या नीट ओळीने बसवल्या, झाकण फिरवून घट्ट केले. "त्याने जोडला असता, तर अहवाल वेळेवर आला असता," ते म्हणाले. "आणि त्यात कॉम्प्रेसरचं तेल माझ्या द्राक्षाच्या नावावर लिहून आलं असतं." मग ते उठले. हात धोतराला पुसले. "आक्काला फोन लाव. म्हणावं, दिवाळीला पोराला घेऊन ये. आणि त्याला सांग, औंदाचा नमुनाही तिथंच टाकणार. थांबावं लागलं तर थांबू."

त्यांनी मोटार सुरू केली. बागेच्या कडेची नळी फुगली आणि वेलींच्या बुडाशी एकेक थेंब पडू लागला. मी फोन लावला. आक्काने उचलला तरी क्षणभर मला बोलता येईना. ती पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होती. तिला वाटले, नळी कुठेतरी बुजली असावी.